आयत्या वेळची यादी

सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात स्कॅनची खोली होती आणि तिच्या बाहेर काचेची एक खिडकी. खिडकीमागे टेबल, फोन, दोन रजिस्टरं आणि बाई. एकोणीस वर्षं त्या तिथे बसून लोकांना स्कॅनच्या तारखा देत होत्या. भाजी घेताना, बसमध्ये, बँकेच्या रांगेत सगळे त्यांना तारीखबाईच म्हणत आणि त्याही त्या नावाला ओ देत.

काम तसं सरळ होतं. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर चिठ्ठी लिहून देत. चिठ्ठीवर लाल शिक्का असला तर आठवड्याच्या आत तारीख. पिवळा असला तर नऊ-दहा आठवडे. शिक्काच नसला तर ऋतू बदलायचा. माणसं खिडकीशी वाकून तारीख ऐकायची आणि म्हणायची, "अहो, इतक्या उशिरा?" त्यावर बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घाईचं असतं तर डॉक्टरांनी लाल शिक्का मारला नसता का?" बहुतेकांना त्याने धीर यायचा. बाईंचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता, कारण तसा नसता तर त्या खुर्चीत एकोणीस वर्षं बसणं जमलंच नसतं.

दुसरं रजिस्टर आयत्या वेळच्या यादीचं. ठरलेल्या दिवशी कुणी आलं नाही, कुणाला ताप आला, कुणी तारखेची वाट बघता बघता गेलं, की ती जागा रिकामी व्हायची. फोन केल्यावर तासाभरात येऊ शकतील अशा लोकांची नावं या रजिस्टरात क्रमाने लिहिलेली असत. नियम असा, की पहिल्या नावाला दहा दहा मिनिटांनी तीनदा फोन करायचा, तिन्ही वेळा रजिस्टरात लिहायच्या आणि तरीही उत्तर आलं नाही तरच पुढच्या नावाकडे जायचं. बाईंनी हा नियम कधी मोडला नव्हता. नगरपालिकेच्या एका बड्या साहेबाच्या सासूला त्यांनी सतरा दिवस यादीत ठेवलं होतं, ही गोष्ट हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत होती.

बाईंचे यजमान खिडक्यादारांना काचा बसवत. घराला लागूनच त्यांचं छोटं दुकान होतं. माणूस थट्टेखोर. हातावर बारीक बारीक कापल्याच्या खुणा, त्यांना ते "माझी पदकं" म्हणत. एका सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

"अगं, जरा इकडे ये. घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? बाईंनी आत जाऊन पाहिलं. लघवीचा रंग गर्द लाल होता. दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नाही हेच वाईट असतं, एवढं तळघरात बसून बाईंना कळत होतं. पण तोंडाने त्या म्हणाल्या, "बीट खाल्लं होतंत का काल?"

"तू केलं होतंस का?"

केलं नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डाव्या मूत्रपिंडावर बोराएवढं काहीतरी दिसत होतं. तिथून चिठ्ठी घेऊन ते मोठ्या हॉस्पिटलात गेले. मूत्रपिंडाचे डॉक्टर उंच, बारीक आणि कायम उभ्या उभ्या बोलणारे. बाहेर साठेक माणसं बसलेली. त्यांनी कागद वाचला, पोट दाबून पाहिलं, चिठ्ठीवर पिवळा शिक्का मारला.

"आधी स्कॅन. मग ठरवू. तसं घाईचं काही नाही."

बाईंनी तळघरात येऊन स्वतःच्या हाताने नवऱ्याचं नाव रजिस्टरात लिहिलं. तारीख आली नऊ आठवड्यांनी. दुसऱ्या रजिस्टरात, आयत्या वेळच्या यादीत, तेरावं नाव. यजमान खिडकीबाहेर बेंचवर बसले होते. बेंच जमिनीला स्क्रूने घट्ट केलेले होते, आणि एवढी जड बाकं कोण उचलून नेणार आहे, असं ते शेजारच्या माणसाला विचारत होते. बाईंनी त्यांना तारीख सांगितली आणि ठरलेलं वाक्य तोंडात आलं, ते तिथेच अडकलं.

त्यांच्या नणंदेला हे कळलं तेव्हा ती तडक घरी आली. ती शाळेत शिकवायची आणि घरातही वर्गात असल्यासारखीच बोलायची.

"वहिनी, याला म्हणतात दिव्याखाली अंधार. आख्ख्या गावाला तारखा देतेस आणि माझ्या भावाला नऊ आठवडे?"

"माझ्या हातात काय आहे?"

"रजिस्टर आहे की हातात."

बाई चहा ठेवायला उठल्या. नणंदच म्हणाली, "बरं, ते राहू दे. खासगीत दाखवू. दाखवायला काय हरकत आहे?"

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते तिघं पुलापलीकडच्या खासगी हॉस्पिटलात गेले. तिथे फरशीवर चालल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. चकचकीत पानांची झाडं, गार पाण्याचं यंत्र, आणि नाव सांगताच "या, बसा" म्हणणारी मुलगी. बसतात न बसतात तोच आत बोलावलं. आत तेच डॉक्टर होते, सरकारी हॉस्पिटलातलेच. फक्त इथे ते खुर्चीत बसले होते.

त्यांनी ओळख दाखवली, लपवलं काही नाही. कागद पुन्हा वाचला, इथल्या यंत्रावर पुन्हा सोनोग्राफी केली, निवांत वीस मिनिटं दिली. मग म्हणाले, "मी थांबायचा सल्ला देणार नाही. गुरुवारी दाखल व्हा. शुक्रवारी स्कॅन, शनिवारी डावं मूत्रपिंड काढून टाकू. एकावर माणूस व्यवस्थित जगतो."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"डॉक्टर, परवा सकाळी तुम्हीच म्हणालात, घाईचं काही नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चिडले नाहीत. उलट, आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्ही तळघरात बसता. तुम्हाला सांगायला हरकत नाही. तिथे मी घाई आहे म्हटलं तर काय होणार? लाल शिक्के मला दिवसाला चारच मारता येतात. पाचव्या माणसाला घाई आहे म्हणून सांगितलं तर त्याची फक्त झोप जाणार. तारीख तीच राहणार."

"मग खरं कुठलं? तिथलं की इथलं?"

"स्कॅन झाल्याशिवाय मलाही माहीत नाही. इथे वाट बघायचं कारण नाही, एवढंच."

बाहेर आल्यावर एका मुलीने छापील अंदाजपत्रक हातात दिलं. खालचा आकडा यजमानांनी वाचला आणि कागदाची नीट घडी घातली. "दुकान विकून मूत्रपिंड काढायचं," ते म्हणाले, "आणि मग उरलेलं मूत्रपिंड पोसायचं कशावर?"

"नुसता स्कॅन इथे काढला तर?" नणंदेने विचारलं.

बाईंनी मान हलवली. बाहेरचा स्कॅन सरकारी हॉस्पिटलात शस्त्रक्रियेसाठी चालत नसे. पुन्हा तिथलाच काढावा लागे, पुन्हा तीच रांग. हेही त्यांनीच शेकडो लोकांना खिडकीतून सांगितलं होतं.

ते पुलावरून परत निघाले. अर्ध्या पुलावर नणंद म्हणाली, "इकडे आड, तिकडे विहीर," आणि रडू लागली. शिकवणाऱ्या बाईला रडताना पाहून यजमान इतके गडबडले की तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पुढे चालू लागले.

भीती खरी तिथून सुरू झाली. सरकारी थांबा म्हणतात ते धोका नाही म्हणून, की जागा नाही म्हणून? खासगी लगेच या म्हणतात ते धोका आहे म्हणून, की खाट रिकामी आहे म्हणून? बाईंना दोन्हीकडचं बोलणं ऐकू यायचं आणि एकावरही विश्वास बसायचा नाही. यजमान न्हाणीघरात गेले की त्या दाराबाहेर उभ्या राहायच्या, हातात उगीचच एखादं फडकं घेऊन. ते बाहेर आले की चेहरा वाचायच्या. यजमानांनाही ते कळायचं. ते आतूनच ओरडून सांगायचे, "आज पांढरं!" कधी कधी मात्र काहीच म्हणायचे नाहीत. नळ जास्त वेळ चालू राहायचा.

आणि खिडकीत बसणं अवघड झालं. एक म्हातारे गृहस्थ पिवळ्या शिक्क्याची चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, "म्हणजे घाईचं नाही ना बाई?" बाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. त्या दिवशीचा हा पाचवा माणूस असेल का? की पंचविसावा? एकोणीस वर्षांत आपण किती पाचव्या माणसांना धीर दिला? "तारीख चुकवू नका," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढची चिठ्ठी मागितली.

यादी हळूहळू वर सरकत होती. तेराचे नऊ झाले, नवाचे पाच. चौथ्या आठवड्यात यजमान दुसऱ्या क्रमांकावर आले. त्यांच्या वर एकच नाव होतं, एका बाईचं. वय एक्केचाळीस, व्यवसाय कपडे धुलाई केंद्रात इस्त्री, तक्रार पोटात वरच्या बाजूला दुखणं आणि वजन उतरणं. पिवळा शिक्का.

त्या मंगळवारी सकाळी यजमान न्हाणीघरात खाली बसलेले सापडले. रक्ताच्या गाठी पडल्या होत्या. "होईल आत्ता ठीक," ते म्हणाले, पण थट्टा केली नाही. बाईंनी त्यांना उठवून बिछान्यावर झोपवलं, नणंदेला बोलावलं आणि कामावर आल्या, कारण घरी राहून काही होणार नव्हतं. दहा वाजता वरून निरोप आला की साडेअकराचा रुग्ण येणार नाही. जागा रिकामी.

बाईंनी इस्त्रीवालीला फोन लावला. दहा वाजून पाच मिनिटं. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्यांनी वेळ लिहिली. सव्वादहाला पुन्हा लावला. मोजून बारा वेळा वाजला आणि बंद झाला. वेळ लिहिली. मग त्या घड्याळाकडे बघत बसल्या. दहा वीस, दहा बावीस. दहा पंचवीसला त्यांनी फोन उचलला, पहिला आकडा दाबला आणि परत ठेवून दिला. रजिस्टरात लिहिलं, "१०.२५, उत्तर नाही." अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच त्यांना नवल वाटलं.

मग त्यांनी घरी फोन केला. नणंदेने पहिल्याच रिंगला उचलला.

स्कॅन झाला. गाठ होती, वाईटच होती, पण लहान आणि मूत्रपिंडाच्या टोकाला. डॉक्टरांनी तळघरात स्वतः उतरून फिल्म पाहिली आणि चिठ्ठीवर लाल शिक्का मारला. "सगळं काढायची गरज नाही," ते म्हणाले, "तेवढाच भाग काढू." अठराव्या दिवशी याच हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. खासगीत जे पूर्ण गेलं असतं, ते इथे बरंचसं वाचलं. नणंदेने सबंध शाळेला पेढे वाटले. यजमान खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "बघ, सरकारी काम सहा महिने थांब, पण थांबलो म्हणून अर्धं तरी राहिलं."

बाई हसल्या नाहीत. कारण मधल्या दिवसांत काय झालं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

स्कॅनच्या दुसऱ्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, त्यांनी इस्त्रीवालीला पुन्हा फोन केला होता. तिने लगेच उचलला. मागे मोठ्या यंत्राचा घरघराट ऐकू येत होता.

"हो, काल तुमचे दोन मिस्ड कॉल होते," ती म्हणाली. "कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवावा लागतो. दहा वीसला दहा मिनिटं सोडतात, तेव्हा बघितला. वाटलं परत येईल, म्हणून हातातच धरून बसले होते."

दोन. रजिस्टरात तीन होते आणि तिच्या फोनमध्ये दोन. तिने काही संशय घेतला नव्हता, सहज बोलली होती. पण बाईंना त्यानंतर खिडकीशी आलेला प्रत्येक माणूस तिचा फोन हातात घेऊन आलाय असं वाटू लागलं. चोराच्या मनात चांदणं.

पुढची जागा आठ दिवसांनी रिकामी झाली. इस्त्रीवाली आली. हडकुळी, डोळे पिवळसर, हाताला वाफेने भाजल्याचे डाग. तिने वाकून नमस्कार केला. ती आत असताना बाई रजिस्टर उघडून नुसत्या बसल्या होत्या. स्कॅनला वीस मिनिटं लागतात. पंचवीस झाली. मग आतून यंत्र चालवणारे मास्तर बाहेर आले. तीस वर्षांत त्यांना कुणी घाई करताना पाहिलं नव्हतं. ते भिंतीवरच्या फोनशी गेले आणि वरच्या डॉक्टरांना खाली बोलावून घेतलं. पित्ताच्या नळीशी गाठ होती. लाल शिक्का.

संध्याकाळी बाईंनी जिन्यात डॉक्टरांना गाठलं. "एक विचारू? अशा दुखण्यात आठ दिवसांनी फरक पडतो का?"

"कुणाला पडतो, कुणाला नाही. का?"

"सहज."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बहुधा नाही पडत." ते खरं होतं की झोप जाऊ नये म्हणून म्हटलेलं, हे ओळखायचा काही मार्ग बाईंकडे उरला नव्हता.

यजमान घरी आले, हिंडू-फिरू लागले, तेव्हा बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीची चौकट घासत होते. हात थांबला.

"एक फोन," ते म्हणाले.

"एक फोन."

त्यांनी चौकटीवरची धूळ फुंकली. मग म्हणाले, "मी सांगितलं असतं का तुला तसं करायला? नसतं सांगितलं. पण त्या दिवशी तू माझ्या जागी असतीस, तर मीही केला नसता तो फोन." आणि पुन्हा घासायला लागले. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "तिला सांग. मी येऊ का बरोबर?"

"नको."

धुलाई केंद्र एका लांबट शेडमध्ये होतं. वाफेने समोरचं दिसत नव्हतं. इस्त्रीवालीची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले होते आणि ती हलक्या कामावर परतली होती, घड्या घालायच्या. बाईंनी तिला बाजूला बोलावलं नाही. तिथेच, चादरींच्या ढिगाशी उभं राहून सगळं सांगितलं. किती वाजता, किती वेळा, कुणासाठी.

इस्त्रीवालीने हातातली चादर पूर्ण घडी केली. वर थाप मारली.

"तुमच्या मालकांचं काय झालं?"

"वाचले."

"बरं झालं." तिने दुसरी चादर ओढली. "पण मला का सांगायला आलात? इतके दिवस मला वाटायचं, नशीब. नशिबावर रागावून माणूस झोपू शकतो. आता मी काय करू? आता मी ते आठ दिवस मोजत बसणार."

बाई म्हणाल्या, "मी हॉस्पिटलातही सांगणार आहे. लिहून."

"सांगा की. त्याने माझं काय होणार?" ती म्हणाली. रागाने नाही, दमून. मग चादरीचं एक टोक तिच्या हातून निसटलं. बाईंनी ते पुढे होऊन धरलं. दोघींनी मिळून ती चादर घडी केली आणि इस्त्रीवाली म्हणाली, "जा आता. इथे बाहेरच्या माणसांना उभं राहू देत नाहीत."

बाईंनी लिहून दिलं. स्कॅनच्या खोलीचा कारभार पाहणाऱ्या मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "कुणी विचारलं नव्हतं हो तुम्हाला." चौकशी झाली. ताकीद मिळाली. नोकरी राहिली, पण खिडकी गेली. आता आयत्या वेळच्या यादीचे फोन दोघांनी मिळून करायचे आणि दोघांनी सह्या करायच्या असा नवा नियम झाला. रांग मात्र तेवढीच लांब आहे आणि लाल शिक्के दिवसाला चारच.

बाईंना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं. तिथे भिंतभर फायली आहेत. गेलेल्या माणसांच्या फायली उत्तरेच्या भिंतीशी, लोखंडी कपाटात. बाकीच्या उघड्या फळ्यांवर. रोज सकाळी उत्तरेला नेण्याच्या फायलींची एक यादी येते. पहिलं वर्षभर बाई ती यादी बोटाने खालून वर वाचायच्या, श्वास धरून. इस्त्रीवालीचं नाव नसलं की मग डबा उघडायच्या. यजमानांना दर सहा महिन्यांनी तपासणीला यावं लागतं. त्या दिवशी त्या दोनदा श्वास धरतात.

दीड वर्षाने एक मागणीपत्र आलं. इस्त्रीवालीची फाईल दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलने मागवली होती. ती भावाकडे राहायला गेली होती म्हणे. बाईंनी फाईल फळीवरून काढली. जाड झाली होती. आत शेवटच्या स्कॅनचा अहवाल असणार, आणि तो उघडला की कळलं असतं. गेलेल्यांच्या फायली कुणी मागवत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. ती फाईल थोडा वेळ त्यांच्या मांडीवर राहिली. मग त्यांनी ती न उघडता दोरीने बांधली, वर पत्ता लिहिला, तो दोनदा ताडून पाहिला आणि टपालाच्या गाडीवर ठेवून दिली.